साठ विरुद्ध शून्य

१० नोव्हेंबर २०२४ च्या रविवारी मॉरिशसमध्ये सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान झाले. दुसऱ्या दिवशी मोजणी झाली, आणि मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० जागा नवीनचंद्र रामगुलाम यांच्या आघाडीने जिंकल्या. सत्ताधारी आघाडीच्या पदरात एकही जागा पडली नाही. पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ स्वतःच्या मतदारसंघातही पडले. मात्र या पराभूत आघाडीला सुमारे २७ टक्के मते होती. म्हणजे चारातल्या एकाहून अधिक मतदारांनी ज्यांना कौल दिला, त्यांचा एकही माणूस थेट निवडून आला नाही.

असे या देशात पहिल्यांदा घडलेले नाही. १९८२ मध्ये असेच झाले, १९९५ मध्येही झाले. तरीही तिन्ही वेळा सभागृहात विरोधी बाके होतीच, आणि त्यांवर निवडणूक हरलेले उमेदवार बसले होते. २०२४ नंतरचे विरोधी पक्षनेते जो लेजोंगार हेही याच वाटेने सभागृहात आले. एकाच राज्यघटनेतला एक नियम विरोधकांना शून्यावर आणतो आणि दुसरा नियम हरलेल्यांना बोलावून खुर्ची देतो. हे दोन्ही नियम कसे चालतात आणि कशातून आले, ते या प्रकरणात पाहू.

तीन जागा, तीन फुल्या

मॉरिशसचे क्षेत्रफळ गोव्याच्या निम्म्याहून किंचित जास्त आहे, लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. संसदेचे सभागृह एकच, राष्ट्रीय सभा. मुख्य बेटाचे २० मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून तीन सदस्य निवडले जातात. पूर्वेला दूर समुद्रात असलेले रॉड्रिग्स बेट हा २१ वा मतदारसंघ, तिथून दोघे. असे ६२ सदस्य थेट निवडून येतात.

मतदाराच्या हातात एक मतपत्रिका पडते. तिच्यावर सगळ्या उमेदवारांची नावे आडनावाच्या वर्णानुक्रमाने छापलेली असतात, म्हणून एकाच पक्षाचे तिघे तीन ठिकाणी विखुरलेले असतात. नावापुढे चिन्ह असते. मजूर पक्षाची किल्ली, एमएसएमचा सूर्य, एमएमएमचे हृदय, पीएमएसडीचा कोंबडा ही मोठ्या पक्षांची चिन्हे बेटावर लहान पोरेही ओळखतात. मतदाराने बरोबर तीन नावांपुढे फुली मारायची. दोनच मारल्या तर मत बाद, चार मारल्या तरी बाद. मोजणीत ज्यांना सर्वाधिक मते, ते पहिले तिघे निवडून येतात.

महाराष्ट्रातल्या महापालिका क्षेत्रातल्या वाचकाला हे वाचून आपली बहुसदस्यीय प्रभाग पद्धत आठवेल. फरक मोठा आहे. आपल्याकडे प्रभागातल्या अ, ब, क, ड या जागांची लढत वेगवेगळी होते आणि प्रत्येक जागेसाठी एकेक मत द्यायचे असते. मॉरिशसमध्ये तिन्ही जागांची लढत एकच असते आणि सगळे उमेदवार एकमेकांशी भिडलेले असतात. मात्र प्रचाराची हाक दोन्हीकडे सारखीच ऐकू येते: अख्खे पॅनेल निवडून द्या.

बहुतेक मतदार तसेच करतात. तिन्ही फुल्या एकाच आघाडीला पडतात. एका मतदारसंघात एका आघाडीला ५५ टक्के मतदारांचा कल असेल, तर तिचे तिन्ही उमेदवार ५५ टक्क्यांच्या आसपास राहतात आणि दुसऱ्या आघाडीचे तिन्ही ४० च्या आसपास. मग तिन्ही जागा एकीकडेच जातात. हीच हवा बेटभर असली की २० मतदारसंघांत हेच चित्र उमटते. बेट लहान आहे. राजधानी पोर्ट लुईत सकाळी उठलेली चर्चा दुपारपर्यंत दक्षिणेच्या टोकाला पोहोचते, त्यामुळे हवाही बहुधा एकच वाहते. १९८२ मध्ये विजयी आघाडीला सुमारे ६४ टक्के मते मिळाली होती, १९९५ मध्ये सुमारे ६५ टक्के आणि २०२४ मध्ये सुमारे ६२ टक्के. मतांचा वाटा दोन तृतीयांशाच्याही आत, आणि जागा मात्र शंभर टक्के.

लढत तिरंगी झाली की हेच यंत्र वेगळा निकाल देते. २०१९ मध्ये प्रविंद जगन्नाथ यांच्या आघाडीला ३८ टक्क्यांहूनही थोडी कमी मते होती. तेवढ्यावर ६२ पैकी ३८ जागा मिळाल्या आणि सरकार पाच वर्षे टिकले. बासष्ट टक्के मतदार सरकारच्या विरोधात होते, पण ते दोन छावण्यांत वाटले गेले होते.

म्हणून मॉरिशसमध्ये निवडणुकीआधीचे महिने वाटाघाटींचे असतात. क्रियोल भाषेत या बोलण्यांना ‘कोझ-कोझे’ म्हणतात. आज कोण कोणाबरोबर आहे यावर उद्याच्या जागा ठरतात, त्यामुळे कालचे कट्टर वैरी आज एका मंचावर दिसतात. मजूर पक्ष आणि एमएमएम १९८२ मध्ये एकमेकांविरुद्ध लढले, १९९५ मध्ये एकत्र येऊन सगळ्या जागा घेऊन गेले, २०१४ मध्ये पुन्हा एकत्र आले तेव्हा आपटले आणि २०२४ मध्ये परत एकत्र येऊन सगळे जिंकले. २००० मध्ये तर एमएसएम आणि एमएमएम यांनी पंतप्रधानपदच वाटून घेतले. एमएसएमच्या अनिरुद्ध जगन्नाथ यांनी तीन वर्षे कारभार केला, मग सप्टेंबर २००३ मध्ये एमएमएमचे पॉल बेरांजे पंतप्रधान झाले आणि जगन्नाथ राष्ट्रपती झाले. हिंदू नसलेली व्यक्ती त्या पदावर बसण्याची ती पहिली वेळ. करार लिहिला गेला होता आणि तो पाळलाही गेला, ही गोष्ट आपल्याकडच्या अडीच-अडीच वर्षांच्या वायद्यांच्या अनुभवानंतर विशेष वाटते.

पंतप्रधानही पडतात

या पद्धतीत सुरक्षित मतदारसंघ नावाची चीज नाही. १९८२ मध्ये देशाला स्वातंत्र्याकडे नेणारे, राष्ट्रपिता म्हणून गौरवले जाणारे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम आपल्या पॅम्प्लमूस आणि त्रियोले या मतदारसंघात हरले. १९९५ मध्ये पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ पडले आणि शिवसागर यांचे चिरंजीव नवीनचंद्र पंतप्रधान झाले. २०१४ मध्ये पंतप्रधान असलेले नवीनचंद्र वडिलांच्याच त्या मतदारसंघात हरले आणि अनिरुद्ध परत आले. २०१७ मध्ये अनिरुद्ध यांनी निवडणूक न घेताच पद आपले चिरंजीव प्रविंद यांच्याकडे सोपवले. २०२४ मध्ये प्रविंद हरले आणि नवीनचंद्र परत आले.

दोन घराण्यांची ही ये-जा पाहून कोणी म्हणेल, की ही लोकशाही कसली. घराणेशाहीचा दोष खराच आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. चार विद्यमान पंतप्रधान मतदारांनी त्यांच्याच गावी घरी बसवले आणि चारही वेळा सत्ता निमूटपणे दुसऱ्याकडे गेली. लष्कर रस्त्यावर आले नाही. मॉरिशसला नियमित लष्करच नाही. पराभूत झालेले शिवसागर पुढच्या वर्षी देशाचे गव्हर्नर जनरल झाले.

२०२४ ची लढतही सोपी नव्हती. ऑक्टोबरमध्ये राजकारणी, पोलीस अधिकारी आणि पत्रकारांच्या फोनवरच्या संभाषणांच्या ध्वनिफिती समाजमाध्यमांवर एकामागून एक येऊ लागल्या. सरकारने निवडणूक उरकेपर्यंत समाजमाध्यमेच बंद ठेवण्याचा आदेश काढला. एवढी ओरड झाली, की दिवसाभरातच आदेश मागे घ्यावा लागला. त्याच ऑक्टोबरच्या सुरुवातीला आपल्या ताब्यातल्या चागोस बेटांवर मॉरिशसचे सार्वभौमत्व मान्य करण्याची तयारी ब्रिटनने जाहीर केली होती. राष्ट्रीय प्रतिष्ठेचा एवढा मोठा विषय हाती असूनही सरकार वाचले नाही. महागाई आणि आपले फोन कोणी ऐकत आहे ही भीती, या दोन गोष्टी मतदाराला अधिक जवळच्या वाटल्या.

मताचा हक्क कसा पसरला

हरलेल्यांना खुर्ची देणारा नियम समजायचा, तर बेटावर वेगवेगळे समाज कसे जमले ते आधी पाहायला हवे. मॉरिशसला मूळ रहिवासी नव्हते. डच आले आणि गेले, मग फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले. १८१० मध्ये बेट ब्रिटिशांनी घेतले. गुलामगिरी संपत असताना उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर आणले गेले. त्यांतले बहुसंख्य बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशच्या भोजपुरी पट्ट्यातले होते. बाकीचे तमिळ, तेलुगू आणि मुंबई बंदरातून चढलेले कोकणातले मराठी. पुढे चिनी व्यापारी आले.

१८८६ मध्ये पहिली निवडणूक झाली तेव्हा मालमत्तेची अट होती, त्यामुळे मतदार जेमतेम काही हजार होते आणि मळ्यात राबणारा माणूस त्यात नव्हताच. १९४८ च्या निवडणुकीसाठी अट बदलली: बेटावरच्या मान्य भाषांपैकी एखाद्या भाषेत साधे वाक्य लिहिता-वाचता आले, की स्त्री असो वा पुरुष, मत मिळणार. वासुदेव विष्णुदयाल यांच्या जनआंदोलनाने ही संधी ओळखली. गावोगावच्या बैठकांत स्वयंसेवक मजुरांना हिंदी अक्षरे गिरवायला आणि सही करायला शिकवू लागले. दिवसभर ऊस तोडलेले हात रात्री कंदिलाच्या उजेडात पाटीवर चालू लागले, आणि त्या निवडणुकीत भारतीय वंशाचे प्रतिनिधी मोठ्या संख्येने निवडून आले. १९५९ मध्ये सर्व प्रौढांना मताधिकार मिळाला, १९७५ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले.

मत पसरले तशी भीतीही पसरली. भारतीय वंशाचे हिंदू निम्म्याहून थोडे अधिक होते. स्वातंत्र्य मिळाले तर आपले काय होणार, हा प्रश्न गुलामांचे वंशज असलेले क्रियोल, फ्रेंच वंशाचे, मुस्लिम आणि चिनी अशा सगळ्यांच्या मनात होता. १९६५ मध्ये दंगल झाली. ऑगस्ट १९६७ ची निवडणूक स्वातंत्र्याच्या प्रश्नावरच लढली गेली आणि विरोधातल्या पीएमएसडीला तब्बल ४४ टक्के मते पडली. १२ मार्च १९६८ ला, दांडीयात्रेच्या प्रारंभाचा दिवस निवडून, देश स्वतंत्र झाला. त्याआधी जानेवारीतच पोर्ट लुईत पुन्हा दंगल उसळली होती. एवढ्या मोठ्या संख्येने लोक स्वातंत्र्यालाच नको म्हणत असताना त्यांना ‘हे सभागृह तुमचेही आहे’ असे सांगणारी काही तरी सोय घटनेत हवी होती.

हरलेल्यांसाठी आठ खुर्च्या

ती सोय १९६६ मध्ये ठरली. बॅनवेल आयोगाने निवडणूक पद्धतीचा आराखडा दिला. त्यातल्या काही शिफारशींवर बेटावर वाद झाला, तेव्हा ब्रिटिश मंत्री जॉन स्टोनहाउस यांनी येऊन तडजोड घडवली. थेट निवडलेल्या ६२ जणांखेरीज आठ जागा ‘सर्वोत्तम पराभूत’ उमेदवारांना द्यायच्या, असे ठरले.

घटनेच्या पहिल्या परिशिष्टात चार समुदाय दिले आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि या तिघांत न बसणाऱ्या सगळ्यांसाठी ‘सामान्य जनसमुदाय’. प्रत्येक उमेदवाराने अर्ज भरतानाच आपला समुदाय लिहायचा. निकाल लागला की निवडणूक पर्यवेक्षण आयोग हिशेबाला बसतो. प्रत्येक समुदायाच्या लोकसंख्येला, त्याच्या निवडून आलेल्या सदस्यांच्या संख्येत एक मिळवून, भागायचे. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, त्याच्यावर अन्याय सर्वांत जास्त. पुढची जागा त्याची.

एक काल्पनिक निकाल घेऊन हे करून पाहू. शिरगणतीतले आकडे सुमारे असे: हिंदू ४ लाख २८ हजार, सामान्य जनसमुदाय २ लाख ६१ हजार, मुस्लिम १ लाख ३७ हजार, चिनी २४ हजार. समजा ६२ विजेत्यांत अनुक्रमे ३४, १९, ८ आणि १ असे सदस्य आहेत. आता भागाकार करा. हिंदूंचा ३५ ने भागून सुमारे १२,२००. सामान्य जनसमुदायाचा २० ने भागून १३,०५०. मुस्लिमांचा ९ ने भागून १५,२००. चिन्यांचा २ ने भागून १२,०००. मुस्लिमांचा आकडा सर्वांत मोठा, म्हणून पहिली खुर्ची मुस्लिम उमेदवाराला. पुन्हा हिशेब: आता मुस्लिमांच्या लोकसंख्येला १० ने भागायचे, येतात १३,७००, अजूनही सर्वांत जास्त. दुसरी खुर्चीही त्यांची. तिसऱ्या वेळी ११ ने भागल्यावर त्यांचा आकडा १२,४५० वर उतरतो आणि १३,०५० वाला सामान्य जनसमुदाय पुढे येतो. असे चार वेळा करायचे. त्या समुदायातल्या, पक्षातर्फे लढून हरलेल्यांपैकी आपल्या मतदारसंघात मतांची टक्केवारी ज्याची सर्वांत जास्त, तो सदस्य होतो. पक्ष नसलेल्या अपक्षाला ही सोय नाही.

पहिल्या चार खुर्च्या देताना पक्ष पाहत नाहीत, त्यामुळे पक्षबलाचा तोल हलू शकतो. तो पूर्ववत करण्यासाठी उरलेल्या चार खुर्च्या आहेत. ६०-० च्या निकालात मात्र जिंकलेल्या आघाडीकडे मुख्य बेटावर हरलेला उमेदवारच उरत नाही. म्हणून १९८२, १९९५ आणि २०२४ या तिन्ही वेळा आठांऐवजी चारच खुर्च्या भरल्या आणि सभागृह ६६ जणांचे झाले. १९८२ मध्ये पीएमएसडीचे गाएतान दुव्हाल हे हरलेले पुढारी अशाच खुर्चीवर बसून विरोधी पक्षनेते झाले. आणि पाहा, सगळ्या जागा जिंकलेले ते सरकार नऊच महिन्यांत आतून फुटले. १९८३ मध्ये पुन्हा निवडणूक घ्यावी लागली. समोर विरोधक नसला की फूट आपल्याच बाकांवर पडते.

१९७२ मध्ये थांबलेला आकडा

आता या सोयीचा दोष पाहू, कारण तो लहान नाही. वरच्या हिशेबातली लोकसंख्या १९७२ च्या शिरगणतीतली आहे. त्यानंतर मॉरिशसने शिरगणतीत समुदाय विचारणे बंद केले आणि १९८२ मध्ये घटना दुरुस्त करून १९७२ चाच आकडा कायम केला. आज मत देणाऱ्यांपैकी बहुतेक जण तेव्हा जन्मलेलेही नव्हते. २०२४ च्या निवडणुकीतला न्यायही त्याच जुन्या आकड्यांवर मोजला गेला.

याहून खोल प्रश्न माणसाच्या ओळखीचा आहे. ज्याची आई तमिळ आणि वडील क्रियोल, त्याने काय लिहायचे? ज्याला धर्म आणि वंश राजकारणात आणायचाच नाही, त्याने काय करायचे? रकाना रिकामा ठेवला तर अर्जच बाद. ‘रेझिस्तान्स एक आल्तेरनातिव’ या डाव्या पक्षाच्या उमेदवारांनी समुदाय लिहायला नकार दिला, न्यायालयांचे दार ठोठावले आणि शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेले. २०१२ मध्ये समितीने निकाल दिला: जुन्या आकड्यांवर चालणाऱ्या व्यवस्थेसाठी उमेदवाराला समुदाय जाहीर करायला भाग पाडणे मनमानी आहे, नागरिकाच्या निवडणूक लढवण्याच्या हक्काचा तो भंग आहे. २०१४ च्या निवडणुकीपुरती सरकारने रकाना रिकामा ठेवण्याची मुभा दिली. कायमचा तोडगा निघाला नाही.

मराठी वाचकाला या रकान्यात आपलेही एक नाते सापडेल. मॉरिशसच्या मराठी लोकांनी दीडशेहून अधिक वर्षे आपली भाषा, भजने आणि गणपती जपले आहेत; गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. शाळेत मराठी शिकता येते. पण निवडणुकीच्या अर्जावर मराठी असा रकाना नाही. तमिळ, तेलुगू आणि मराठी या तिन्ही समाजांतले हिंदू ‘हिंदू’ या एकाच खान्यात मोजले जातात आणि त्या खान्यात भोजपुरी पट्ट्यातून आलेल्यांच्या वंशजांचे संख्याबळ मोठे आहे. चार खाने आखले, की खान्याच्या आतले लहान समाज हिशेबातून निसटतात, याचा अनुभव आपल्याच लोकांना आहे.

काय टाकावे, काय ठेवावे

सुधारणेच्या सूचना कमी आलेल्या नाहीत. दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांच्या आयोगाने २००२ मध्ये सुचवले, की ६२ थेट जागा तशाच ठेवून पक्षांच्या मतांच्या प्रमाणात वाटायच्या ३० जागा वाढवाव्यात. २०१८ मध्ये सरकारने सर्वोत्तम पराभूत पद्धत बदलणारे विधेयक आणले. तीन चतुर्थांश बहुमत जुळेना म्हणून ते अडले. प्रत्येक पक्षाला सुधारणा हवी असते ती विरोधात असताना. सत्तेत आल्यावर, ज्या यंत्राने आपल्याला भरभरून जागा दिल्या ते यंत्र मोडायला हात धजत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. १९६६ च्या तडजोडीतला समुदायाचा रकाना आता जावा आणि त्यामागचा विचार राहावा. त्या पिढीने नव्या देशाला एक मोठी गोष्ट दिली: निवडणूक जिंकणाऱ्याचा हक्क सरकार चालवण्याचा आहे, सभागृह मात्र हरलेल्यांचेही आहे. दंगलींच्या सावलीत जन्मलेला हा देश अर्धशतकाहून अधिक काळ मतपेटीवर विश्वास ठेवून आहे, यात या विचाराचा मोठा वाटा आहे. पण आज हरलेल्यांना खुर्ची द्यायची, तर ती त्यांना मिळालेल्या मतांवर द्यावी, त्यांच्या जन्मावर नव्हे. २७ टक्के मते मिळवणाऱ्यांना त्या मतांच्या जोरावर बाके मिळाली, तर अर्जावर वंश लिहिण्याची गरजच उरणार नाही. आपल्याकडेही चाळीस टक्क्यांच्या आतली मते प्रचंड बहुमत देऊन जातात आणि लाखोंची मते सभागृहाच्या दारापर्यंत पोहोचत नाहीत, तेव्हा हा धडा आपल्यालाही लागू आहे.

घटनेतली ही तरतूद बदलायला तीन चतुर्थांश बहुमत लागते. ६६ जणांच्या सभागृहात ते ५० होतात आणि २०२४ च्या विजेत्यांनी ६० जिंकले. समुदायाच्या रकान्याविरुद्ध लढलेला तो डावा पक्षही याच आघाडीतून लढला. त्यांना अडवणारे तेव्हा दुसरे कोणी उरले नव्हते. पुढच्या निवडणुकीआधी हा बदल झाला नाही, तर त्याची जबाबदारी त्यांचीच असेल.